पडून मोडलं, की मोडून पडली?

लग्नाच्या जेवणात माणसं शेजारच्याला काय विचारतात? मुलगा कुठे असतो, हॉल कुणी ठरवला, मसालेभात जरा तिखट झालाय ना. हेमलता डॉक्टर विचारायच्या, "तुमची आजी कशानं गेली हो?"

बरं, आवाज खाली आणून वगैरे नाही. जिलबीचा तुकडा तोंडात टाकता टाकता, "तुमचं माहेर कुठलं" असं विचारावं त्या सुरात. शेजारची बाई दचकायची. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणायची, "म्हातारपणानं."

"म्हातारपणानं कुणी जात नाही," डॉक्टर म्हणायच्या. "शेवटी शेवटी काय होत होतं? पाठ दुखायची? अंथरुणाला खिळली होती? कुठलं हाड मोडलं होतं का?"

ताक येईपर्यंत त्या बाईच्या आजीची, आजीच्या बहिणीची आणि वडिलांकडच्या आत्याची सगळी हकीकत डॉक्टरांनी काढून घेतलेली असायची. ती बाई पुढच्या लग्नात लांबची खुर्ची पकडायची. वसईत अशा लांबची खुर्ची पकडणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. त्या आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसत.

त्या हाडांच्या डॉक्टर. वसईजवळच्या गिरीज गावच्या वाडीवाल्यांच्या घरातल्या, केळी, नारळ आणि भाजीच्या वाफ्यांत वाढलेल्या. त्यांच्या वेळी डॉक्टर झालेल्या मुली बाळंतपणाचं शिकत, फार तर लहान मुलांचं. यांनी हाडं निवडली. "हातोडी चालवायला ताकद लागते," असं वर्गातला एक मुलगा हसून म्हणाला, तेव्हा यांनी त्याला सुट्टीत वाडीवर नेलं आणि नारळ सोलायला बसवलं. नारळ राहिला बाजूलाच, त्यानं हात कापून घेतला. टाके यांनीच घातले. ही गोष्ट त्या इतक्या आनंदानं सांगत की मला त्या मुलाची कीव यायची.

दिसायला बुटक्या, रुंद पायांच्या. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत कोथिंबीर, चष्म्याची डबी आणि मांडीच्या हाडाचं एक मॉडेल असे. अगदी खऱ्या मापाचं, प्लॅस्टिकचं. त्याचं गोल डोकं पिशवीतून बाहेर डोकावत असायचं. रिक्षावाले आरशातून त्याच्याकडे बघत गाडी चालवायचे. एकदा एकानं धीर करून विचारलं, "मॅडम, ये असली है क्या?" डॉक्टरांनी ते हाड त्याच्या हातात दिलं आणि सिग्नल सुटून गेला तरी त्या खुब्याचा सांधा समजावून सांगत राहिल्या. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून जीव खाल्ला.

आणि केळी. घरचीच. दिवसभर खायच्या, पण साल कधी रस्त्यावर सोडाच, उघड्या कचराकुंडीतसुद्धा टाकायच्या नाहीत. रुमालात गुंडाळून पिशवीत. "मी साल टाकायची आणि मीच हाड बसवायचं, लोक काय म्हणतील?"

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळच झाला नाही. लोकांची हाडं मोडत राहिली." वसईत हे सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे पुन्हा कुणी विचारत नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती नोकरीच्या मुलाखतीत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लग्नानंतर वसईजवळ आचोळ्यात फ्लॅट घेतला, नवरा अंधेरीला नोकरीला, आणि मी समाजशास्त्राची एम.ए.ची पदवी कपाटात ठेवून कुकर लावत बसलेली. आमच्या सोसायटीतल्या एका नर्सनं सांगितलं, "वसईला एक हाडांच्या डॉक्टर आहेत. त्यांना पेशंट बायकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायला कोणीतरी हवंय. पण बाई जरा हटके आहे हां." हटके म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळलं. त्यांनी माझ्या फाइलला हातही लावला नाही.

"आजी कशानं गेली?" त्यांनी विचारलं.

"कुठली? आईची आई की वडिलांची आई?" मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही मोठा शोध लावलाय. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "बायकांच्या आजाराचं विचारलं की सगळे फक्त आईकडचं सांगतात. बापाकडनंही येतं गं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही."

कामाची गोष्ट अशी होती. ज्या बायकांचं मांडीचं किंवा खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, त्यांचं पुढे काय झालं हे डॉक्टरांना बघायचं होतं. हाड जुळलं की नाही ते एक्सरेत दिसतं. पण ती बाई संडासला एकटी जाते का, वाडीत उतरते का, नातवाला उचलते का, हे एक्सरेत कुठे दिसतं? आणि दुसरं, ज्यासाठी त्यांनी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना बरोबर घेतलं होतं: या बायकांपैकी कुणाला छातीचा कॅन्सर होऊन गेला होता का, किंवा घरात कुणाला होता का. छातीचा कॅन्सर पसरताना हाडांत उतरू शकतो आणि हाड आतून पोखरून ठेवतो. त्याच्या उपचारांतल्या काही गोळ्यांनीसुद्धा हाडं ठिसूळ होतात. "छातीचे डॉक्टर छाती बघतात, मी पाय बघते," त्या म्हणायच्या, "आणि बाई आमच्या दोघांच्या मधोमध उभी. तिला कोण बघणार?"

माझ्या पहिल्याच महिन्यात आमची फजिती झाली, ती सांगते. एका गावच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही ऑपरेशन झालेल्या बायकांना बोलावलं होतं. फादरांनी हॉल दिला, चहा दिला, वर पंखेही दुरुस्त करून दिले. माझ्या प्रश्नांत एक प्रश्न होता: गुडघ्यावर बसता येतं का? सगळ्या बायकांनी सांगितलं, येतं. एकीनंही नाही म्हटलं नाही. मी खूश. डॉक्टरांना फोन केला, "मॅडम, रिझल्ट एकदम मस्त आलेत."

 त्या म्हणाल्या, "इतके चांगले? माझ्या हाताला एवढं यश नाहीये गं."

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन त्याच चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन बसल्या. शेवटच्या बाकावर. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, दोघींनाही माहीत नाही. शेजारची म्हातारी आमच्या साड्या ओढून आम्हाला उठवत होती. मग गुडघे टेकायची वेळ आली आणि डॉक्टर मान उंच करून बघू लागल्या. आमच्या त्या बायका बाकाच्या कडेला सरकून, डोकं खाली घालून बसून होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की गुडघ्यावरच आहेत. एकजण मात्र खरंच टेकली. तिला नंतर उठवायला दोघीजणी लागल्या.

बाहेर आल्यावर त्यातल्याच एकीनं डॉक्टरांना गाठलं. चेहरा गोरामोरा झालेला. "डॉक्टरबाय, रागावू नका. त्या हॉलात, फादर बाजूला असताना, गुडघ्यावर येता येत नाय असं कसं सांगणार? येशूपुढे गुडघे टेकत नाय असं होईल ते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. उलट तिचा हात धरून हसत सुटल्या. नंतर मला म्हणाल्या, "चूक तिची नाही. आपण प्रश्न कुठे विचारला बघ ना." त्या दिवसापासून हॉल बंद. घरी जायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, आणि जमतं का विचारायच्या ऐवजी "जरा करून दाखवता?" म्हणायचं. सासू घरात असेल तर सुनेला मागच्या दारी विहिरीपाशी गाठायचं, आणि सून घरात असेल तर सासूला.

आता विरारच्या सावंतबाईंचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

सावंतबाई चौथ्या मजल्यावर राहायच्या, मुलगा आणि सुनेबरोबर. मांडीचं हाड मोडलं होतं. दुसरीकडे ऑपरेशन करून आत रॉड घातलेला, पण दुखणं थांबत नव्हतं. सून बोलकी होती. "बाथरूममध्ये स्लिप झाल्या ना आई. टाइल्सच तशा आहेत. मी यांना कधीची सांगतेय, चेंज करा."

डॉक्टर आधी बाथरूम बघून आल्या. मग सावंतबाईंच्या शेजारी पलंगावर बसून त्यांनी पिशवीतलं ते हाड काढलं आणि मांडीवर ठेवलं. "फरशी ओली होती?"

"नाही."

"पाय घसरला?"

सावंतबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून चहा आणायला गेली. "घसरला नाही हो. मी नुसती उभी होते. टॉवेल घ्यायला वळले, आतून कट् असा आवाज झाला, आणि मग पडले."

डॉक्टरांचा हा नेहमीचा प्रश्न होता. मांडीचं हाड मोडलेली कुठलीही बाई आली की त्या विचारायच्या, पडून मोडलं, की मोडून पडली? लोकांना वाटायचं, म्हातारी डॉक्टरीण चक्रम आहे, मोडलंय ना, बसवा. पण पडून मोडलं तर दोष फरशीचा. नुसतं वळल्यावर मोडून पडली, तर हाड आधीच आतून खाल्लेलं असू शकतं, आणि मग ते कुणी खाल्लं याचा शोध घ्यावा लागतो. डॉक्टरांनी सावंतबाईंना विचारून त्यांच्या गाऊनची बटणं काढली. डाव्या बाजूला गाठ होती. लहानसहान नव्हती.

सून चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली. रडत म्हणाली, "आम्हाला काय माहीत? आंघोळ तर त्या स्वतःची स्वतः करतात."

परत येताना रिक्षात डॉक्टर पिशवीतलं हाड हातात घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, त्या सावंतबाईंचाच विचार करताहेत. तोही होताच. पुढचे उपचार त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून ठरवले. पण वसईच्या पुलावर त्या एकदम म्हणाल्या, "स्मिता, आपण चुकीच्या माणसांना विचारतोय. 'आजी कशानं गेली' हे मुलाला काय माहीत? नवऱ्याला तरी काय माहीत? गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालतात ना, घरातल्याच बायका, दार लावून? तिनं जन्मभर झाकलेलं त्यांना दिसतं. त्यांना विचारायचं."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते विचारायला लागलो. आणि जी माहिती कुठल्याच कागदावर येत नव्हती ती यायला लागली. एखादी म्हातारी पदराला गाठी मारत म्हणायची, "माझ्या जावेला मी नि नणंदेनं घातली आंघोळ. पानी ओतताना बघितलं. मग एकमेकींकडं बघितलं. कुनालाच बोललो नाय." कितीतरी जणी असं काही पदराआड घेऊन गेल्या होत्या. लोकांच्या लेखी त्या पाठीनं गेल्या होत्या, कंबरेनं गेल्या होत्या, पडून गेल्या होत्या.

डॉक्टरांची आईही अशीच पडून गेली होती. डॉक्टर तेव्हा शाळेत होत्या. वाडीत बांधावर पडली, मांडीचं हाड मोडलं, घरात आणून निजवली, हाडवैद्यानं लाकडाच्या पट्ट्या बांधल्या, आणि खंगत जाऊन ती गेली. घरात सगळे एवढंच सांगत. डॉक्टर हाडांकडे का वळल्या याचं उत्तर बहुतेक त्यातच असावं, पण त्या तसं कधी बोलल्या नाहीत.

बोलायच्या त्या प्राचीबद्दल. प्राची त्यांच्या भावाची मुलगी, विरारला एका बँकेत नोकरीला, पदरात एक छोटी मुलगी. दिसायला थेट आजीवर गेलीय असं सगळे म्हणायचे. डॉक्टर तिच्यामागे लागल्या होत्या, छातीची तपासणी करून घे, मॅमोग्राफी करून घे. प्राची हसण्यावारी न्यायची. आमच्या ऑफिसात आली की माझ्यासमोरच म्हणायची, "आत्या, तू रिक्षावाल्याच्या बायकोलाही हेच सांगतेस. मी काय सिरियसली घेऊ? आपल्या घरात कुणाला झालाय का? आजी तर पडून गेली."

 जगातल्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगत फिरलं की घरचे ती ऐकेनासे होतात. प्राची गेल्यावर डॉक्टर बराच वेळ काचेतून खाली रस्त्याकडे बघत राहायच्या. मी म्हणायचे, "जाईल हो कधीतरी, घाई काय आहे?" त्या म्हणायच्या, "घाई आहे." का, ते मात्र सांगत नसत.

त्यांच्या आईला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांपैकी एकच बाई हयात होती. आईची धाकटी बहीण, मावशी. ती गिरीजलाच, पलीकडच्या वाडीत राहायची. डॉक्टरांनी तिला पूर्वी पुष्कळदा विचारलं होतं, आईला नक्की काय झालं होतं? दरवेळी उत्तर तेच. पडली. आता प्रश्न वेगळा विचारायचा होता, आणि डॉक्टर घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू चल. तू विचार. मी विचारलं की ती भाचीला उत्तर देते."

आम्ही गेलो तेव्हा मावशी अंगणात सुकेळी करत बसली होती. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिकट झालेली. ती केळीच्याच वाळल्या पानात गुंडाळून दोरीनं बांधत होती. अंग सुकलेलं, हात मात्र भरभर चालत होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोन? तुझ्या हापिसातली? बस गं बाय. खा."

मी एक सुकेळं तोंडात टाकलं. ते गिळून प्रश्न विचारायचा, असं मनाशी ठरवत होते. तेवढ्यात डॉक्टरांनीच विचारलं. ठरलेलं सगळं विसरून, लहान मुलीच्या आवाजात.

"मावशी, आईला आंघोळ कुणी घातली होती?"

मावशीचे हात थांबले. पान अर्धवट गुंडाळलेलं तसंच राहिलं. "मी," ती म्हणाली. "मी नि तुझ्या काकीनं."

"काय दिसलं?"

मावशीनं भाचीकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "तुझं लगीन कधी?"

मला हसू आलं. साठी ओलांडलेल्या बाईला हे काय विचारणं? डॉक्टरही हसल्या. पण मावशी हसत नव्हती.

"हसू नको. तुझ्या आईनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. हेमाचं लगीन होईस्तोवर तोंड उघडू नको. असल्या घरातली पोर कोन करील? लगीन झालं की सांग तिला, म्हनाली. मी वाट बघत बसली. तू शिकायला गेलीस. मग डाक्टर झालीस. मग म्हनायला लागलीस वेळ नाय, वेळ नाय. मी काय करू? तू लगीनच केलं नाहीस गं."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या.  मला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. इतकी वर्षं! पण तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर टिकला नाही. भाचीच्या लग्नाचा ध्यास या बाईनं एवढा का घेतला होता, दरवर्षी स्थळं का आणत होती, ते आत्ता कळत होतं.

डॉक्टर हळूहळू तिच्याजवळ सरकल्या. "माझं नाही झालं मावशी. पण घरातल्या पोरीचं झालं. प्राचीचं झालं, तिला मुलगी झाली. आता कुणाची सोयरीक मोडणार आहे?"

मावशीनं ते अर्धवट पान पुरं गुंडाळलं, दोरी बांधली आणि विचारलं,  "तुझी आई मानेल हे?"

"मानेल. प्राची तिची नात आहे. तिच्यासाठीच विचारतेय."

मग मावशीनं सांगितलं. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत गेल्या, अगदी ओपीडीत बसल्यासारख्या. कुठली बाजू? डावी. गाठ होती की जखम? आधी गाठ, मग जखम. ती आतून फडक्याची घडी ठेवायची. बांधावर काय झालं होतं? पाय घसरला होता का? "नाय गं. मी बाजूलाच होती. ती नुसती उभी होती, पानी कुठवर आलं बघत. आवाज आला मोडल्याचा, नि मग खाली बसली."

डॉक्टरांनी मान हलवली. जन्मभर त्या ज्या प्रश्नामागे होत्या त्याचं घरचं उत्तर मिळालं होतं. मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, "इतकी जखम होती, तर घरात वास कसा आला नाही कुणाला? मला कसा नाही आला? मी तर कुशीत झोपायची तिच्या."

"म्हनून तर चाफा," मावशी म्हणाली. "रोज ओंजळभर काढून आनायची. डोक्यात एक माळायची, बाकीची पोलक्यात."

डॉक्टरांना पुढचा प्रश्न सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हातातलं सुकेळं खाली ठेवलं. "मला वाटायचं तिला चाफा आवडतो," त्या म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. तोंडावर हात वगैरे न घेता, मोठ्यानं, माझ्यासमोर. मीही रडले. त्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं.

मावशीनं चिकट हात लुगड्याला पुसले आणि भाचीच्या पाठीवरून फिरवले. "आवडायचा गं," ती म्हणाली. "पयल्यापासून आवडायचा. ते खोटं नाय."

प्राचीला फोन करताना डॉक्टरांनी या वेळी काही उपदेश केला नाही. मावशीनं काय सांगितलं तेवढं सांगितलं.  मग प्राचीनं विचारलं, "शनिवारी जमेल तुला?"

त्यानंतर महिन्याभरातच नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. डॉक्टरांचं काम पुढे चालू राहिलं, माझ्या जागी दुसरी मुलगी आली. अधूनमधून फोन होतो. प्राचीचं त्या वेळी सगळं ठीक निघालं. ती आता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला न चुकता तपासणीला जाते. डॉक्टरांचंही ठीक निघालं. हो, त्यांनीही त्या दिवशी पहिल्यांदाच करून घेतली. सगळ्या वसईला सांगणाऱ्या बाईनं स्वतः कधी केली नव्हती. मी त्यावरून त्यांना अजून टोमणे मारते.

माझ्या डोळ्यांसमोर त्या अजून आहेत त्या त्याच शनिवारच्या, तपासणी केंद्रातल्या. आत्या आणि भाची शेजारीशेजारी बसलेल्या. मी सोबतीला. प्राची मोबाईलवर काहीतरी बघत होती, किंवा बघितल्यासारखं करत होती. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवरून डोळे न काढता सगळ्यांना विचारावं तसं विचारत होती. नाव, वय, काही त्रास आहे का. मग तिनं विचारलं, "फॅमिलीमध्ये कोणाला ब्रेस्ट कॅन्सर?"

एरवी डॉक्टरांनी त्या मुलीला हा प्रश्न असा विचारायचा नसतो, खुर्ची जवळ घेऊन विचारायचा असतो, हे समजावून सांगितलं असतं. त्या दिवशी त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आईला. हिच्या आजीला."

"काय एज होतं तेव्हा त्यांचं?"

डॉक्टरांनी प्राचीकडे पाहिलं.

"हिच्याएवढं."

प्राचीनं मोबाईल पर्समध्ये ठेवला. आतून नाव पुकारल्यावर ती आपणहून उठली, आणि जाताना आत्याचा हात धरून तिलाही आत घेऊन गेली.